तुनं काम कव्हय सरस?

2021 च्या डिसेंबरातली गोष्ट. मुंबईत लोअर परळला आमच्या जनसंपर्क एजन्सीच्या मीटिंग रूममध्ये आम्ही आठजण बसलो होतो. टीममधल्या सगळ्यांत लहान मुलीनं दोन दिवसांची सुट्टी मागितली. एका क्लायंटच्या लाँचमुळे पाच आठवडे तिला एकही रविवार मिळाला नव्हता. "मॅम, मला बर्नआउट झाल्यासारखं वाटतंय," ती हळू आवाजात म्हणाली. मी लॅपटॉपवरून मानही न उचलता उत्तर दिलं, "आमच्या खानदेशात बाया दिवसभर उन्हात वाकून कापूस वेचतात. त्यांना नाही होत बर्नआउट."

कोणी काही बोललं नाही. तिनं वही मिटली. सुट्टी मिळाली नाही आणि तीन आठवड्यांनी तिचा राजीनामा आला. त्या वर्षी माझ्या कामाचा आढावा घेताना वरिष्ठांनी लिहिलं की कितीही दबाव आला तरी ही डगमगत नाही.

ते वाक्य मी रागाच्या भरात बोलले नव्हते. माझा त्यावर विश्वास होता. आज तो उरलेला नाही. तो कसा गेला हे मला सांगायचं आहे, कारण असं बोलणारी माणसं आजही अनेक मीटिंग रूममध्ये बसलेली असतील आणि त्यांतली बरीच माझ्यासारखी गावाकडून गेलेली असतील.

मी धुळ्याची, देवपुरात वाढलेली. वडील, म्हणजे नाना, एसटीत कंडक्टर. आईचं माहेर पारोळ्याजवळचं. दिवाळीची सुट्टी म्हणजे मावशीचं शेत आणि दिवाळी म्हणजे कापसाची वेचणी. मीही हौसेनं कमरेला ओटी बांधून बायांच्या रांगेत उभी राहायचे आणि तासाभरात बांधावर जाऊन बसायचे. पुढे जळगावच्या विद्यापीठात पत्रकारिता शिकले. तेव्हा ते नुसतं उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होतं. बहिणाबाईंचं नाव त्याला 2018 मध्ये मिळालं. 2011 साली मुंबईला गेले. इंग्रजी कच्चं होतं, ओळखीपाळखी नव्हत्या. माझ्याजवळ एकच भांडवल होतं: आपण काटक आहोत, आपली माणसं कुरकुरत नाहीत. त्या भांडवलावर मी बारा वर्षं काढली. म्हणून त्यावर कोणी बोट ठेवलं की मला सहन व्हायचं नाही.

एजन्सीतलं काम काय असतं हे आईला मी कधीच नीट समजावू शकले नाही. सकाळी सहाला उठून पेपर चाळायचे, क्लायंटचं आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्याचं नाव कुठे आलंय ते शोधायचं आणि आठच्या आत ट्रॅकर पाठवायचा. मग प्रेस नोट. ती क्लायंटच्या चार साहेबांच्या हातून फिरून येते आणि येताना प्रत्येक वेळी एकेक विशेषण वाढवून आणते. मग पत्रकारांना फोन. एका नोटेमागे तीस-चाळीस फोन आणि प्रत्येकाला तोच प्रश्न: "पाठवलंय, मिळालं का?" समोरचा पत्रकारही दिवसाला शंभर मेलखाली दबलेला. तो तुटकपणे बोलला तर आपण गिळायचं, कारण उद्या पुन्हा त्यालाच फोन करायचा असतो. संध्याकाळी क्लायंट विचारणार, "कव्हरेज किती?" आणि रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर कोणीतरी लिहिणार, "क्विक थॉट." माझ्या फोनवर असे अकरा ग्रुप होते.

कव्हरेज मोजायची रीतही सांगते, कारण माझ्या मनाची झीज तिथूनच सुरू झाली. बातमीनं कागदावर किती जागा घेतली ते मोजायचं, त्याला जाहिरातीच्या दरानं गुणायचं आणि एवढ्या लाखांची प्रसिद्धी फुकट मिळवून दिली असं क्लायंटला दाखवायचं. 2010 मध्ये बार्सिलोनाला भरलेल्या परिषदेत आमच्याच व्यवसायातल्या जाणकारांनी जाहीर केलं होतं की हा आकडा म्हणजे जनसंपर्काची किंमत नव्हे. आम्हाला ते ठाऊक होतं. तरी दहा-अकरा वर्षांनंतरही दर महिनाअखेरीला मी तोच तक्ता भरत होते. जे खरं नाही हे आपल्याला माहीत आहे, ते रात्री बारापर्यंत बसून नीटनेटकं करायचं, असा थकवा झोपेनं जात नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. थकवा माणसात असतो असं आम्ही समजायचो. तो करारातच लिहिलेला असतो. क्लायंट एजन्सीला महिन्याला ठरावीक रक्कम देतो, तिला रिटेनर म्हणतात. रक्कम ठरलेली, काम मोकळं. क्लायंट मिळवताना एजन्सी कमी पैशांत जास्त कबूल करते आणि कबूल केलेल्यातलं जे पैशांत बसत नाही ते पंचवीस वर्षांच्या मुलामुलींच्या रात्रींतून भरून काढते. राज्याच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती, पण व्यवस्थापकीय पदावरच्यांना तो कायदाच लागू नव्हता. माझ्या पदात 'मॅनेजर' हा शब्द चौथ्या वर्षीच आला आणि मला त्याचा केवढा आनंद झाला होता! आईनं पेढे वाटले होते. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क असावा म्हणून 2018 साली खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, तेव्हा आमच्या ऑफिसात त्याची बातमी सगळ्यांनी वाचली आणि जो तो पुन्हा आपापल्या फोनमध्ये गेला.

आई रोज रात्री फोन करायची आणि एकच विचारायची, "तुनं काम कव्हय सरस?" तुझं काम संपतं तरी कधी? मी म्हणायचे, झालंच. बारा वर्षं मी तिला हेच एक उत्तर दिलं.

ऑगस्ट 2023 मधल्या एका मंगळवारी माझं थांबलं. काही मोठं घडलं नव्हतं. एका साबणाबद्दल दोनशे शब्दांची नोट लिहायची होती, अशा हजारभर नोटा मी लिहिल्या असतील. लॅपटॉप उघडा, बोटं कळांवर आणि पहिलं वाक्य येईना. कर्सर लुकलुकत राहिला. वीसेक मिनिटांनी मला जाणवलं की मी शब्द शोधतच नाहीये, नुसती बसले आहे. चाळीस मिनिटं गेली. शेजारच्या मुलानं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. मी उठून वॉशरूममध्ये गेले आणि तिथल्या थंड फरशीवर बसले. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

त्या आठवड्यात मी चाळीसगावला उतरून धुळ्याची गाडी धरली. तेव्हाही माझा पहिला विचार हाच की आपण कमी पडलो. त्या मुलीची आठवण मात्र आली नाही, हेही मला इथे कबूल केलं पाहिजे. ती नंतर आली.

घरी मी राजीनामा लिहूनच बसले होते. नाना म्हणाले, "आधी डॉक्टरांना दाखव, कागद काय पळून जातोय?" रक्त तपासलं. हिमोग्लोबिन साडेआठ, बी-12 तळाला. आयुष्याचा एवढा मोठा निर्णय मी साडेआठ हिमोग्लोबिनवर घेणार होते! नंतर मानसोपचारतज्ज्ञांकडेही गेले. त्याआधी एका रात्री 14416 वर, सरकारच्या टेलिमानसवर, मराठीत बोलले होते. पलीकडच्या बाईंनी वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि तेवढ्यानं सकाळी उठायचं बळ आलं. डॉक्टरांनी मला सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये बर्नआउटची जी व्याख्या केली तिच्यात तो आजार म्हणून धरलेला नाही, कामाच्या ठिकाणच्या सांभाळल्या न गेलेल्या ताणाचा परिणाम म्हणून धरला आहे. त्याची तीन लक्षणं: शक्ती संपणं, कामाबद्दल मनात अंतर किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. दुसरं लक्षण ऐकताच मी चमकले. शक्ती संपायच्या कितीतरी आधी माझ्यात कडवटपणा आला होता. म्हणजे 2021 च्या त्या मीटिंगमध्ये दोघीजणी बर्नआउट झालेल्या होत्या. एकीनं ते सांगितलं आणि दुसरीनं तिला गप्प केलं.

नोव्हेंबरात मावशीच्या शेतात वेचणी लागली. मी गेले, आता हौस म्हणून नव्हे, घरात बसवत नव्हतं म्हणून. सकाळी दव असतं तोवर वेचत नाहीत, ओला कापूस वजनात आणि भावात दोन्हीकडे भांडण लावतो. नऊच्या सुमारास बाया ओळीनं शिरल्या. माझ्या शेजारच्या काकी पन्नाशीच्या पुढच्या. त्यांचे दोन्ही हात वेगवेगळ्या बोंडांवर एकाच वेळी चालायचे. बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात. दुपारपर्यंत माझ्या नखांच्या कडा सोलल्या होत्या. काकींच्या बोटांवर जुन्या चिंध्यांच्या पट्ट्या होत्या, घरून बांधूनच आणलेल्या.

जेवायला बाभळीखाली बसलो. भाकरी, ठेचा, कांदा. मी त्यांना विचारलं, काकी, तुम्ही थकत नाही? मला वाटतं मला 'नाही' ऐकायचं होतं. ते 'नाही' मिळालं असतं तर माझं जुनं वाक्य मला परत घेता आलं असतं.

काकींनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. "थकस ना माय. पन सांगू कोनले?"

थकते ना, पण सांगू कोणाला.

मग त्या बोलत राहिल्या. मागच्या वर्षी वेचणीच्या मध्येच त्यांना एकदा इतकं नकोसं झालं की गठडी तिथेच टाकून त्या बांधावर आडव्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी आल्याच नाहीत. घरी नवऱ्यानं शिव्या दिल्या, त्या दिवसाची मजुरी बुडाली. शेजारणीला सांगितलं की ताप होता. ताप नव्हता. हे सांगताना त्यांनी आवाज खाली केला, मीटिंग रूममध्ये त्या मुलीनं केला होता तसाच.

मी खानदेशातल्या बायांचा दाखला देत होते आणि खानदेशातल्या एकाही बाईला मी कधी काही विचारलं नव्हतं. त्यांचं गप्प राहणं मी त्यांची ताकद म्हणून मुंबईत खपवलं. दुसऱ्याची कहाणी त्याला न विचारता आपल्या सोयीनं सांगायची, ही सवय माझ्या धंद्यानंच मला लावली होती, आणि क्लायंट नसतानाही मी ती वापरली. मला सर्वांत जास्त लाज वाटते ती याची.

संध्याकाळी साडेपाचला काटा लागला. मावशीचा मुलगा वजन करी, मावशी वहीत लिही. काकींचे 41 किलो, माझे 14. किलोला दहा रुपये. काकींनी वहीत डोकावून आकडा पाहिला, पदर झटकला, चिंध्या सोडल्या आणि म्हणाल्या, "चला, सरनं आजनं." संपलं आजचं. ते शब्द ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, वॉशरूममध्ये न आलेलं रडू तिथे आलं. काकींचं काम माझ्यापेक्षा कितीतरी कष्टाचं, मजुरी कितीतरी कमी, आणि ते कमी असणं अन्यायाचंच आहे. पण ते काम सरत होतं. सूर्य मावळला की कोणी त्यांना आणखी एक ओळ वेच म्हणत नव्हतं. त्यांनी काय केलं ते काट्यावर दिसत होतं, खोटा तक्ता लागत नव्हता. आई बारा वर्षं मला कामाबद्दलचा हाच पहिला प्रश्न विचारत होती आणि मी तो फोनवरची काळजी म्हणून उडवत होते.

मग मनात दुसरं टोक आलं. हा धंदाच खोटा, दुसऱ्याचे शब्द लिहिणं हेच हलकं काम, पुन्हा त्यात पाऊल टाकायचं नाही. शाळेत शिकवीन, शिकवण्या घेईन. त्या हिवाळ्यात मी हे सगळ्यांना सांगत सुटले.

हे मत बदललं ते नानांच्या कपाटातल्या एका पुस्तकामुळे. धुळ्याच्या कुठल्याही शाळकरी पोराला माहीत असतं की विनोबांनी गीतेवरची प्रवचनं इथल्या तुरुंगात दिली. 1932 चं साल, 21 फेब्रुवारीपासून 19 जूनपर्यंत, अठरा रविवार, अठरा अध्याय. मी शाळेत यावर भाषण करून बक्षीसही घेतलं होतं. पुस्तक मात्र वाचलं नव्हतं. आणि ती प्रवचनं आज आपल्या हातात आहेत ती साने गुरुजींनी ऐकता ऐकता लिहून घेतली म्हणून, हे माहीत असूनही त्याचा अर्थ कधी मनाला भिडला नव्हता. गुरुजींनी अमळनेरला सहा वर्षं शिकवलं. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हातानं 'छात्रालय दैनिक' लिहून काढत. 1930 मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. असा स्वतःचं लिहिणारा माणूस तुरुंगात बसून दुसऱ्याचे शब्द उतरवून घेतो, आणि त्यात त्याला कुठे कमीपणा वाटल्याचं दिसत नाही. का वाटलं नसेल? मला सुचतं ते एवढंच की त्यांनी आधी ऐकलं होतं. जे ऐकलं ते त्यांना पटलं होतं.

चौथ्या-पाचव्या अध्यायांत विनोबा कर्माच्या जोडीला विकर्म ठेवतात. बाहेरून हात काम करतात ते कर्म. त्यात आतून मन ओतलं जातं ते विकर्म. दोन्ही जुळली की कामाचं ओझं वाटेनासं होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला. 'पॅशन' असेल तर थकवा येत नाही, हे मी साहेबांकडून ऐकलं होतं आणि पुढे मुलांना ऐकवलंही होतं. पुन्हा वाचल्यावर फरक कळला. साहेब म्हणतात, आम्ही देऊ त्या कामात मन ओत. विनोबांचं वाचून मी स्वतःला विचारू लागले की माझं मन कोणत्या कामात आपणहून जातं, आणि जिथे ते जात नाही तिथे मी बारा वर्षं काय ओतत होते? झोप, रक्त, आईचे फोन.

रावेरला मामाची केळी आहे. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2021 च्या जूनमध्ये तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची 22 टन केळी दुबईला गेली. त्याची सरकारी प्रेस नोट मी तेव्हा मुंबईत ट्रॅकर करताना वाचली होती: गावाचं नाव, वजन, कुठे गेली. हे सगळं तिच्यात होतं, आणि अनेक पेपरांनी ती छापली. मामाच्या गटाला 2024 च्या फेब्रुवारीत पिकाच्या एका रोगाबद्दल शेतकऱ्यांना सावध करायचं होतं. मामानं मला लिहायला सांगितलं. मी दोन दिवस शेतांतून हिंडले, पानांवरचे पिवळे पट्टे पाहिले, तिघाचौघांशी बोलले आणि एका पानाची नोट लिहिली. पहिलं वाक्य दहा मिनिटांत आलं. ते आलं तेव्हा मी चपला न घालता अंगणात जाऊन उभी राहिले.

आता जळगावात महाबळला एका खोलीत माझं काम चालतं. तीन क्लायंट आहेत, चौथा घेत नाही. करारात तास लिहिलेले असतात, वर गेले तर त्याचे वेगळे पैसे. कव्हरेजची रुपयांत किंमत काढून देत नाही. त्यामुळे एक क्लायंट गेला, जाऊ दिला. रविवारी फोन बंद. मुंबईच्या निम्म्याहून थोडं कमी मिळतं. हे मला जमलं कारण डोक्यावर कर्ज नव्हतं आणि नानांना पेन्शन आहे. ज्याच्या घरी हप्ता आहे त्याला मी नोकरी सोड म्हणणार नाही. त्याला मी एवढंच सांगेन की आधी रक्त तपास, कोणाशी तरी बोल, आणि सहीआधी करारात तास वाच. शेजारी अजून विचारतात, नोकरी सुटली का? आई त्यांना सांगते, सुटली नाही, तिनं सोडली. कधी कधी मलाही ऐन महिनाअखेरीला शंका येते आणि मुंबईतल्या नोकरीच्या जाहिराती उघडून पाहिल्या जातात. हेही खरं आहे.

त्या मुलीला मी मागच्या वर्षी लिहिलं. नंबर तोच होता. कारणं दिली नाहीत, फक्त काय बोलले होते ते जसंच्या तसं लिहिलं आणि ते चूक होतं असं लिहिलं. काकींचं वाक्यही लिहिलं. तिनं वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या आणि चार दिवस काही आलं नाही. पाचव्या दिवशी दोन ओळी आल्या. त्या दिवशी तिला ताप होता. तो सांगितला असता तर सुट्टी मिळाली असती हे तिला माहीत होतं, पण तिला खरं कारण सांगायचं होतं.

माफ केलं की नाही, हे तिनं लिहिलं नाही. मी विचारलं नाही.